बाराव्या गादीवरचा हुंकार

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली दोन-चार माणसं दारात येऊन उभी राहतील, आणि त्यातलं एकही खरं बोलणार नाही. एवढंच धरून चाला, की कळमनुरीहून आखाडा बाळापूरकडे जाताना एक फाटा फुटतो, त्या फाट्यावर सरकारी दवाखान्याची बसकी पिवळी इमारत होती, आणि ही गोष्ट तिथली आहे. साल नव्याण्णव, जानेवारी महिना. गोष्ट रात्रीची नाही, भरदुपारची आहे. भुतंखेतं रात्रीच निघतात असं ज्यांनी आपल्याला सांगितलं, त्यांनी बाकीही बरंच खोटं सांगितलेलं आहे.

त्या सकाळी सरिता आपल्या थोरल्या बहिणीला, मिनाला, आपरेशनला घेऊन निघाली होती. लेकरं बंद करायचं आपरेशन. दवाखान्यात शिबिर लागलं होतं. मिनाला सहा वर्षांत तीन लेकरं झालेली. तिसऱ्या खेपेला ती मरता मरता वाचली, तेव्हा कुठं घरच्यांनी 'बरं, करून घे' म्हटलं. तेही असं, जसं काही ती माहेरी जायला सुट्टी मागत होती.

जीपमध्ये पुढं ड्रायव्हरशेजारी मिनाची सासू, भागूबाई. मागच्या फळीवर ह्या दोघी बहिणी. बाहेर हुरड्यात आलेली ज्वारी, तिच्यावर दहिवर, आणि जीपच्या फाटक्या ताडपत्रीतून सुरीसारखं आत येणारं वारं.

मिनाला देविदासला दुसरेपणावर दिलेलं. त्याची पहिली बायको पेमा ब्याण्णव साली वारली. कशानं? 'हार्टनं.' चोवीस वर्षांची, शेतात पुरुषाच्या बरोबरीनं राबणारी बाई हार्टनं गेली. सरिताच्या बापानं लग्न ठरवताना एकदाच विचारलं, आणि तेवढ्या उत्तरावर लेक देऊन मोकळा झाला. याच बापानं पुढं सरितालाही नांदेडहून उचलून आणलं होतं. ती तिथं नर्सिंगच्या ट्रेनिंगला होती, सहा महिने झाले होते, सुई टोचायला हात बसला होता. सातव्या महिन्यात बाप दारात. "स्थळ आलंय, चल." स्थळ मोडलं ते मोडलं, ट्रेनिंगची जागाही गेली. बाप आजही म्हणतो, नशिबात नव्हतं. नशीब म्हणजे बापाचंच दुसरं नाव, हे सरिताला विसाव्या वर्षी कळलं.

जीप खड्ड्यात आदळली तशी मिना सरिताच्या खांद्यावर आली. आणि सरिताला वास आला. आंबट. ताज्या दह्याचा. तिनं वळून पाहिलं. मिनाच्या पदराच्या काठाला भाताचं एक शीत चिकटलेलं होतं.

भागूबाईच्या घरची रीत तिला माहीत होती. घरातलं कोणी जोखमीच्या कामाला निघालं, कोर्टात असो की दवाखान्यात, की भागूबाई त्याला उंबऱ्यात थांबवायची आणि स्वतःच्या हातानं दहीभाताचे घास भरवायची. "दहीभात पोटात असला की माणूस उंबऱ्यात परत येतंय," असं तिचं म्हणणं. पण आपरेशनला उपाशीपोटी जायचं असतं. मिना दिवाळीला माहेरी आली तेव्हा सरितानं हे तिला चार वेळा बजावलं होतं.

"अक्का," ती कानाशी लागून म्हणाली, "सकाळी काही खाल्लंस?"

मिनानं आधी पुढं पाहिलं, सासूच्या पाठीकडं. मग सरिताचा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

"कोणाला बोलू नको. तुला माझी आन हाय."

जीप पुढं चालली. सरितानं ते शीत नखानं खरवडून बाहेर टाकलं. पुरावा नष्ट करावा तसं.

दवाखान्यात बारा बाया आल्या होत्या. व्हरांड्यात ओळीनं बसवलेल्या. भिकाबाई नावाची म्हातारी आया प्रत्येकीच्या कपाळावर चिकटपट्टीचा तुकडा लावत होती, त्यावर निळ्या पेनानं नंबर. सरिता तिच्याजवळ गेली.

"मावशी, हिला जरा उशिराचा नंबर द्या."

"काहून?"

"घाबरून राहिली."

भिकाबाईनं मिनाच्या कपाळावर अकरा लावला. सरितानं मनात हिशेब केला. दुपारचे दोन तरी वाजतील. तोवर पोट रिकामं होईल बहुतेक. या 'बहुतेक'वर तिनं स्वतःची समजूत घातली. अर्धवट शिकलेल्या माणसाला एवढंच येतं, धोका कळतो आणि पळवाटही सापडते.

भिकाबाईची नजर मग भागूबाईवर गेली, आणि तिथंच राहिली.

"तुमी पयले आल्या होत्या ना हितं?"

"म्या? म्या कशाला येऊ? आमी पयल्यांदाच."

"न्हाई, तोंड वळखीचं वाटून राहिलं."

"एका तोंडाची सात माणसं आसत्यात," भागूबाई म्हणाली आणि तोंडात तंबाखूची चिमूट टाकली.

डॉक्टर आला. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. आदल्या दिवशी दुसऱ्या गावात शिबिर, आज हे, उद्या तिसरं. तो ओळीनं चालत आला आणि प्रत्येकीपाशी एकच प्रश्न विचारत गेला, काही खाल्लंय का, प्यायलंय का. बाराव्या नंबरची बाई खालमानेनं म्हणाली, "कपभर चहा पेले सायेब, थंडी लई व्हती."

"मग आज नाही. पुढच्या शिबिराला या."

तिचा नवरा अंगणात उभा होता. त्यानं तिला दंडाला धरून उठवलं. "खरं बोलायची लई हौस हाय भवानीला! आता ये दोन महिन्यांनी पोट घिऊन!" सगळ्या बायांनी ते ऐकलं. मिनानंही ऐकलं.

आता त्या दिवशीची खरी गोष्ट इथं आहे, पुढं जे घडलं त्यात नाही. डॉक्टर मिनासमोर आला होता. मिना त्याच्यापुढं बसली होती, तोंड असलेली, बोलता येणारी, सव्वीस वर्षांची बाई. आणि त्यानं विचारलं भागूबाईला.

"हिनं काही खाल्लंय का?"

"काल सांजेपासून पाण्याचा थेंब न्हाई सायेब," भागूबाई म्हणाली. पापणी लवली नाही.

सून सासूदेखत बोलत नसते. मिना बोलली नाही. सरितानं तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण मिनानं वर पाहिलं, आणि अंगणातून त्या नवऱ्याचा आवाज अजून येत होता, आणि परत गेली तर देविदास पुन्हा येऊ देईल का, चौथ्या बाळंतपणात ही जगेल का, हे सगळं सरिताच्या मनात एकदमच आलं. डॉक्टर पुढं निघून गेला होता.

आपण म्हाताऱ्यांना शिव्या घालतो, घालायलाच पाहिजेत. पण त्या दिवशी सरिता त्यांच्यातलीच एक झाली.

मिनाचा नंबर येईपर्यंत अडीच वाजले. सरितानं ट्रेनिंगचं सांगितलं म्हणून तिला सुई देईपर्यंत आत उभं राहू दिलं. छोटी बाटली, आत पाण्यासारखं औषध. केटामाईन. सरिताला नांदेडची ट्यूटर आठवली. तिनं फळ्यावर दोन रकाने पाडले होते. एका बाजूला, याच्यानं श्वास थांबत नाही, ब्लडप्रेशर पडत नाही, मोठं यंत्र लागत नाही, खेड्यापाड्यात यासारखं औषध नाही. दुसऱ्या बाजूला, तोंडाला पाणी सुटतं, घसा आवळू शकतो, उतरताना माणसाला भलतंच दिसतं, भलतंच ऐकू येतं. आणि त्याखाली लाल खडूनं एकच ओळ, पोट भरलेलं नको. उलटी फुफ्फुसात गेली की औषध गुणाचं असो की अवगुणाचं, फरक पडत नाही.

"काम्पोज संपलं," सिस्टर डॉक्टरला म्हणाली. "आठ जणींना पुरलं."

काम्पोज दिलं की ती भलती स्वप्नं कमी पडतात. डॉक्टरनं खांदे उडवले. सुई शिरेत गेली.

"सरे," मिना हसून म्हणाली, "लाईट केवढी मोठी झाली गं..."

आणि ती गेली. पण डोळे मिटले नाहीत. या औषधाचं तसंच असतं. डोळे उघडेच राहिले, आणि बुबुळं सावकाश डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं फिरायला लागली, वाऱ्यातल्या ज्योतीसारखी. छाती हलत होती, नाडी चालत होती. आत कोणी नव्हतं, एवढंच.

तेवढ्यात लाईट गेली. डॉक्टर शांतपणे म्हणाला, "बॅटरी धरा." बॅटरीच्या उजेडात त्यानं अकरावी बाई उरकली. दुसरं औषध असतं, यंत्रावर चालणारं, तर मिना त्या टेबलावरच संपली असती. म्हणून म्हणतो, दोष औषधाचा नव्हता.

आपरेशन झालेल्या बायांसाठी मागचा हॉल होता. सहा गाद्या या भिंतीला, सहा त्या भिंतीला. बारावी गादी कोपऱ्यात, मिनाच्या गादीला लागून, रिकामी. तिची मालकीण चहामुळं परत गेली होती. खिडक्यांना काळी घोंगडी लावलेली, कारण औषध उतरताना उजेड नको, आवाज नको. बाहेर लख्ख ऊन होतं, आणि आत मात्र विहिरीच्या तळाशी असावा तसा उजेड. घोंगड्यांच्या लोकरीचा वास, स्पिरिटचा वास, माणसांच्या घामाचा.

नातेवाइकांना आत बंदी होती. सरिताला मदतीला म्हणून ठेवलं, भागूबाई कोणाचं ऐकणारी नव्हती. "माझी सून हाय," म्हणाली आणि मिनाच्या उशाशी बसली.

भिकाबाई दारात स्टुलावर. तिनं दोघींना जवळ बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं.

"ह्या बडबडत्यात. कोणी हासतंय, कोणी म्हणतंय म्या उडून राहिले, कोणी मेलेल्या मायला हाका मारतंय. दवाईचं आसतंय, तासाभरात उतरतंय. तुमी हात लावायचा न्हाई, नाव घ्यायचं न्हाई. आन हुंकार तर बिलकूल भरायचा न्हाई."

"हुंकार?"

"ऐकणारं हूं म्हणलं की सांगणारं सांगत राहतंय ना बाई. मग त्या सांगतच राहत्यात. वापस यायचं इसरत्यात."

भागूबाईनं नाकानं फुसकन आवाज काढला.

काही वेळ नुसते श्वास. दहा बायांचे श्वास, अकरावा मिनाचा. तिसऱ्या गादीवरची बाई झोपेत हसली आणि थांबली. समोरच्या भिंतीची एक 'माय... माय' म्हणाली. दूर कुठंतरी मळणीयंत्र चालू होतं, ते बंद पडलं. आणि मग सरिताला वास आला. आंबट, दह्याचा. पण सकाळच्यासारखा ताजा नाही. दिवसेंदिवस झाकून ठेवलेल्या मडक्याचं झाकण कोणी काढावं, तसा.

"सांगू?" मिना म्हणाली.

सरिता दचकली. मिनाचे डोळे छताकडं, बुबुळं फिरतीच. आवाज मिनाचाच होता. पण मिना भरभर बोलणारी बाई. हे बोलणं सावकाश होतं, वाकळीला टाका घालावा तसं, एकेक.

भिकाबाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"सांगते. हुंकार द्या."

आणि पहिल्या गादीवरून, गाढ झोपलेल्या बाईच्या मिटल्या तोंडातून आवाज आला.

"हूं."

"बैलगाडीत बसले. पिवळं लुगडं नेसले..."

"हूं." दुसऱ्या गादीवरून.

"आंगण सारवलं होतं सकाळीच. वल्या आंगणात माझी पावलं उमटली. म्हणलं, वापस येऊन पुसीन."

"हूं." तिसऱ्या.

मिना बैलगाडीत बसली नव्हती. मिनाला पिवळं लुगडं नव्हतं.

"उंबऱ्यात थांबवलं आत्याबाईनं. खा म्हणल्या. म्या म्हणलं, डॉक्टरनं उपाशी बोलवलंय. म्हणल्या, डॉक्टर काय तुझा बाप हाय?"

"हूं." चौथी.

"खाल्लं."

"हूं." पाचवी.

भागूबाईचं तंबाखू चघळणारं तोंड थांबलं होतं.

"डॉक्टर आला. आत्याबाईला इचारलं. माझ्याकडं बघितलंबी न्हाई."

"हूं..."

"माझ्या जिभीवर होतं. खाल्लंय म्हणून. जिभीवर होतं..."

"हूं."

सरिता मोजत होती. का मोजत होती तिलाही ठाऊक नाही. हुंकार ओळीनं येत होता, एका गादीवरून दुसऱ्या, भिंतीनं चालत यावा तसा. आठ. नऊ. दहा. दहावी मिनाच्या अलीकडची. तिच्यानंतर मिना, आणि मिना तर सांगणारी. इथं हुंकार थांबायला पाहिजे होता.

"मग सगळं वर आलं. नाकात. छातीत. म्या हात हालवत होते, पर हात माझे नव्हतेच..."

"हूं," असं बाराव्या गादीवरून आलं.

गादी रिकामी होती. सरितानं पाहिलं. चादर सरळ, उशी सरळ. भिकाबाईनंही पाहिलं. म्हातारी स्टुलावरून उठली, पण पुढं आली नाही.

"मिने!" भागूबाईच्या तोंडून निघालं. "गप ऱ्हा!"

"मिनाला काहून बोलता आत्याबाई," तो सावकाश आवाज म्हणाला. "ती झोपली."

भिकाबाईचा हात भिंतीवर टेकला. ती पुटपुटली, "पिवळं लुगडं... याच कोपऱ्यात... पोट पडलं म्हणून पिशवी धुवायला आणली होती, सहा-सात वर्सं झाली. ह्याच बाई होत्या संगं. म्या म्हणलं न्हाई तोंड वळखीचं हाय..." तिनं भागूबाईकडं पाहिलं. "तुमची पयली सून. पेमा."

"हार्टनं गेली ती!" भागूबाई किंचाळली. "डॉक्टरनं लिहून दिलंय, हार्टनं!"

कोणी तिला काही विचारलं नव्हतं.

आणि सरिताला एका क्षणात सगळं दिसलं. हिनं एक सून अशीच मारली होती. जाणूनबुजून नाही, मायेनं. घास भरवून, आणि मग खोटं बोलून. पण ती चूक हिनं कबूलच केली नाही, ना तेव्हाच्या डॉक्टरनं, ना मुलानं. त्यांनी तिला 'हार्ट' म्हटलं. ज्याला चूक म्हणायचंच नाही, त्याच्यापासून कोणी शिकत नाही. म्हणून आज पुन्हा तोच उंबरा, तोच दहीभात, तेच उत्तर. मोठ्या माणसांच्या चुका अशाच असतात. त्यांना दुसरी सून लागते.

"मला इचारा ना," आवाज म्हणाला. पहिल्यांदा त्यात रडू होतं. "आत्याबाई... कोणीतरी... मला इचारा ना."

भागूबाईनं तोंडावर पदर दाबून घेतला. ती विचारणार नव्हती. मेली असती, पण विचारलं नसतं.

सरिता गुडघ्यांवर बसली. भिकाबाईचं बजावणं तिच्या कानात होतं, वापस यायचं इसरत्यात. तिनं हात मिनाच्या कपाळावर, त्या अकरा नंबरच्या पट्टीवर ठेवला. कपाळ बर्फासारखं होतं.

"तूच सांग," ती म्हणाली. "काय खाल्लंस?"

फिरणारी बुबुळं थांबली. मिनाच्या डोळ्यांतून कोणीतरी सरळ सरिताकडं पाहिलं. ओळख नसलेली नजर होती. राग नव्हता तिच्यात. फार दिवस दारात ताटकळलेल्या माणसाची असते तशी होती.

"दहीभात."

आणि त्या शब्दापाठोपाठ मिनाच्या घशात खळखळ झाली. छाती वर आली आणि तिथंच अडकली. ओठ जांभळे पडत चालले.

"डॉक्टर!" सरितानं घसा फोडला. शांततेचा नियम, हुंकाराचा नियम, मिनाची आन, सगळं मोडलं. "डॉक्टर, धावा! हिचं पोट भरलेलं हाय! सकाळी दहीभात खाल्लाय हिनं!"

ट्रेनिंगमधले हात आठवणीशिवाय चालले. तिनं मिनाला कुशीवर वळवलं, डोकं खाली केलं, जबडा पुढं ओढला आणि दोन बोटं तोंडात घालून आडवी फिरवली. भात आला. मूठभर, तिच्या तळहातावर. पांढराशुभ्र, शीत न् शीत सुटं, न चावलेलं. आणि गार. जिवंत बाईच्या पोटातून आलेला भात कोमट असतो. हा मडक्यातल्या पाण्यासारखा गार होता. त्या घाईत हे तिला कळलं, आणि तिनं ते बाजूला सारलं.

डॉक्टर धावत आला, मागून सिस्टर पायानं दाबायचं शोषणयंत्र घेऊन. नळी, सिलिंडर, मास्क. डॉक्टरच्या कपाळावरून घामाची धार. किती वेळ गेला कोण जाणे. मग मिना खोकली. कोरडं, रागावल्यासारखं खोकली, आणि तिच्या नखांवर रंग परत आला.

"वेळेवर सांगितलंत," डॉक्टर भिंतीला टेकून म्हणाला. मग भागूबाईकडं वळला. "आजी, मी विचारलं होतं तुम्हाला. खोटं का बोललात?"

भात तिच्यापुढं फरशीवर पडला होता. भागूबाईनं त्याच्याकडं पाहिलं, डॉक्टरकडं पाहिलं.

"तिनं काही खाल्लं न्हाई," ती म्हणाली. "बाहेरची हवा लागली पोरीला."

"तुमी तिला का इचारलं न्हाई?" सरिता डॉक्टरला म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "ती समोर बसली होती. तिला का न्हाई इचारलं?"

डॉक्टरनं हातमोजे काढले आणि तो बाहेर गेला. बाकीच्या दहा जणी शांत झोपल्या होत्या. संध्याकाळी जाग्या झाल्या तेव्हा कोणालाच काही आठवत नव्हतं. फक्त प्रत्येकीला घसा दुखल्यासारखं वाटत होतं, फार वेळ बोलल्यावर दुखतो तसा.

आठव्या दिवशी टाके निघाले. सरिता मिनाला बघायला तिच्या घरी गेली. सकाळचे अकरा. अंगणात बाजेवर मिना पाय लांब करून बसली होती, धाकटं लेकरू मांडीवर, अंगावर ऊन. भागूबाई आत. त्या दिवसापासून तिनं त्या विषयावर एक शब्द काढला नव्हता. देविदासनंही नाही. त्या घरात गप्प राहणं वडिलोपार्जित होतं.

सरिता बाजेच्या एका टोकाला बसली. मध्ये घडी घातलेली वाकळ.

"सरे," मिना हळूच म्हणाली, "एक सांगायचंय तुला. त्या दिवशी जीपमंदी आन घातली ना तुला..."

"हूं."

"आत्याबाईनं उंबऱ्यात दहीभात भरवला खरा. पर तू दिवाळीला सांगितलं होतंस, उपाशी जायचं. म्या कशी खाईन? गालात धरून ठेवला समदा."

"हूं."

"आन गोठ्यामागं जाऊन थुंकला. चूळ भरली, घोटबी न्हाई गिळला. कोंबड्यांनी टिपला भात, माझ्यासमोर. आत्याबाईला कळलं आसतं तर उंबऱ्याचा घास थुंकला म्हणून घर डोक्यावर घेतलं आसतं. म्हणून म्हणलं, बोलू नको."

सरिताच्या उजव्या तळहाताला गारवा जाणवला. उन्हात धरलेल्या तळहाताला. तिला ते पांढरं, सुटं, न चावलेलं शीत न् शीत दिसलं.

"हूं."

"माझ्या पोटात काहीच नव्हतं बघ. तरी तू म्हणतीस मूठभर भात निघाला. डॉक्टरबी म्हणतोय. मला काही आठवत न्हाई. नुसतं एक आठवतंय, कोणीतरी मला बाजूला सरक म्हणलं, जरा जागा दे म्हणलं, आन म्या सरकले."

"हूं."

मिनानं मोठा श्वास सोडला. लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं वाटलं बाई सांगून. तू नुसतं हूं हूं करून ऐकून घेतलंस, मधे टोकलं न्हाई..."

सरिता बाजेच्या कडेला ताठ बसली होती. बहिणीकडं बघायची तिला हिंमत होत नव्हती, आणि मधल्या वाकळीकडं तर नाहीच. अंगण सकाळीच सारवलेलं होतं. अजून ओलं होतं.

मिना बोलायला लागल्यापासून सरितानं ओठ घट्ट मिटून घेतले होते. तिनं एकदाही हुंकार दिला नव्हता.